कान आणि अंबाड्यातला आकडा

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की जरा भिंतीला टेकायचं आणि अंबाड्यातला आकडा काढून हळूच कानात फिरवायचा. डोळे आपोआप मिटतात! हे सुख आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? पण मैत्रिणींनो, माझ्या नणंदेला ते फार महागात पडलं. आकडा कानात, आणि धाकटा धावत येऊन तिच्या कोपरावर आदळला. पडद्याला भोक पडलं. सुदैवानं ते आपोआप भरून आलं, पण तोवर दोन महिने कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नव्हता. न्हाणं म्हणजे एक दिव्यच होऊन बसलं.

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची वाट जेमतेम एक इंचाची. मळ तयार होतो तो फक्त तिच्या बाहेरच्या भागात. तो घाण नव्हेच. धूळ, किडे, जंतू अडवणारा तो पहारेकरी. आतली त्वचा सावकाश बाहेर सरकत असते, आणि आपण बोलतो, घास चावतो तेव्हा जबडा हलून मळ आपसूक बाहेर येतो. आपण काडी घालतो आणि त्याला पुन्हा आत लोटतो, डब्यात पीठ दाबून भरावं तसा! आगपेटीची काडी, चांदीचं कानकोरणं, नाहीतर कापसाची पांढरीशुभ्र काडी, गुण सगळ्यांचा एकच.

आता तेलाचं. एका भगिनीनं लिहिलं आहे, ‘सासूबाई बाळाच्या कानात रोज कोमट तेल घालतात. नको म्हटलं तर त्यांना राग येतो. काय करू?’ बाई गं, तुझी अडचण घराघरातली आहे. पण तेल घालू नये हेच खरं. कान ओलसर राहतो आणि बुरशी धरते, पावसाळ्यात तर विशेष. तेल जास्त तापलं तर कोवळी कातडी भाजते. शिवाय कान दुखतो तो बरेचदा पडद्यामागच्या सुजेमुळे. लसूण घालून कढवलेलं तेल तिथवर पोचतच नाही. सासूबाईंशी वाद मात्र घालू नकोस. टाळू, अंग, कानाची पाळी त्यांना हवी तेवढी चोळू दे. आणि पुढच्या लशीला बाळाला नेशील तेव्हा त्यांनाही बरोबर ने. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्याकडे फरक असतोच!

मोठ्या माणसाचा मळ कडक होऊन कान गच्च झाला असेल, तर रोज दोन-तीन थेंब ऑलिव्ह तेल घालून तो कान वर राहील अशा कुशीवर पाच-दहा मिनिटं पडावं. तीन ते पाच दिवस करून पाहावं. तुम्ही म्हणाल, आत्ता तेल नको म्हणत होता नि आता तेलच सांगता! पण हे मऊ करण्यापुरतं, चार दिवसांचं औषध आहे. कान वाहत असेल, दुखत असेल, पडद्याला पूर्वी भोक पडलं असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर तेही नाही. एवढ्यानं कान मोकळा झाला नाही तर डॉक्टरांकडे जावं. ते अंगाइतकं कोमट पाणी वापरतात. गार किंवा गरम पाण्यानं भोवळ येते. म्हणून घरी पिचकारीचे प्रयोग नकोत. कानात मेणबत्ती लावण्याचं खूळ तर मुळीच नको. तिच्यात जो ‘मळ’ दिसतो तो मेणबत्तीचाच असतो, आणि भाजतं ते वेगळंच.

घरात कुणाला मधुमेह असेल तर कानाचं दुखणं एक दिवसही अंगावर काढू नका. एकाएकी ऐकू येईनासं झालं, रक्त आलं, भोवळ आली, तरी तेच.

मुलानं कानात हरभरा किंवा वाटाणा घातला, तर पाणी ओतू नका, तो फुगतो. खेळण्यातला, घड्याळातला बटणासारखा सेल गेला असेल तर थेंबभरही काही न घालता त्याच घटकेला दवाखाना गाठा. तो काही तासांत आतली त्वचा जाळतो. किडा गेला तर चिमटा घालू नका. पडदा शाबूत असेल तर चार थेंब तेल घातलं की तो मरतो, आणि मग डॉक्टर तो काढतात.

रोजचं म्हणाल, तर न्हाऊन झाल्यावर पंचाचं टोक बोटावर गुंडाळून जेवढं बोट सहज पोचेल तेवढंच पुसायचं.