चाकांवरच्या बिऱ्हाडाची निरवानिरव

वाचकहो, दसरा सरला, की आपल्या इंदुराकडे रजया उन्हात पडतात आणि तेवढ्याने हिवाळ्याची सिद्धता पुरी होते. मागील दसऱ्याच्या सुमारास आम्ही चिरंजीवांकडे, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात होतो. तेथे ही सिद्धता म्हणजे काय, हे आम्हांस एका रविवारी कळले.

चिरंजीवांनी एक जुने मोटरहोम घेतले आहे. ओटा, न्हाणी, शौचकूप, निजावयास जागा, सारे एकाच गाडीत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते हेच! उन्हाळाभर हे बिऱ्हाड हिंडते आणि पहिला कडक गारठा पडण्यापूर्वी त्याच्या नळांतील पाणी काढून ठेवावे लागते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. नळीत अडकलेले पाणी फुगले, की नळी, पंप, तोट्या यांना तडे जातात. हे तडे हिवाळ्यात दिसत नाहीत. बर्फ वितळल्यावर पाणी फळ्यांमागे झिरपू लागते, तेव्हा उलगडा होतो. पहिल्या वर्षी गाडीबाहेरील फवाऱ्याची नळी रिकामी करावयाची राहिली होती. त्या वितभर नळीपायी वसंतात एक भिंत उकलावी लागली.

म्हणून यंदा सारे क्रमवार चालले होते. आदल्या रात्रीच बंब बंद करून निवू दिला होता; तापलेल्या बंबाचे बूच काढले, तर उकळते पाणी अंगावर येते. मग टाकी, सांडपाण्याच्या टाक्या आणि बंब रिकामे केले, गाळणीची नळकांडी काढली, सर्वांत खालच्या तोट्या उघडल्या. इतके करूनही वळणावळणांत पाणी उरतेच. त्यासाठी पंपाची नळी न गोठणाऱ्या द्रवाच्या कॅनमध्ये सोडून तो द्रव सर्व नळांतून खेळवितात. बंबाला वगळणारी कळ आधी फिरवावी, नाहीतर कित्येक गॅलन द्रव बंबातच भरतो.

द्रव आणून देण्याचे काम आमच्याकडे होते. गॅरेजातील फळीवरून आम्ही एक हिरवा कॅन उचलला, बूच उघडले आणि नळी आत सोडणार, तोच चिरंजीव ओरडले, “बाबा, थांबा! ते इंजिनाचं आहे!”

तो इथिलीन ग्लायकॉल होता. चवीस गोड, पण पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करून जीव घेणारे विष. ज्या नळाखाली आमची नात उन्हाळ्यात पेला धरते, त्याच नळात आम्ही ते सोडणार होतो. आमचे हात बराच वेळ कापत होते. पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचा द्रव वेगळा मिळतो. तो बहुधा गुलाबी असतो. परंतु इंजिनाचे काही द्रवही गुलाबी असतात. तेव्हा रंगावर विसंबू नये, कॅनवरील अक्षरे वाचावीत. आम्ही चष्मा लावला नव्हता, हे येथे कबूल केलेले बरे.

पुढे नातीने एकेक नळ उघडला, आधी गार पाण्याचा, मग ऊन पाण्याचा. “आजोबा, गुलाबी आलं!” असे ती म्हणे आणि आम्ही यादीत खूण करू. न्हाणी, शौचकूप, बाहेरचा फवारा, काही सुटले नाही. शेवटी मोऱ्यांच्या वाकड्या नळ्यांतही थोडा द्रव ओतला. वसंतात हे सारे स्वच्छ पाण्याने धुऊन, नळ निर्जंतुक करूनच पाणी प्यावयाचे.

गावचे घर बंद करताना आमच्या मातोश्री हंडे-कळश्या पालथ्या घालीत आणि मगच कुलूप लावीत. देश बदलला, भांडी बदलली, निरवानिरव तीच. आपल्यापैकी अनेकांची मुले त्या थंड मुलखात आहेत. त्यांच्याकडे गेलात, तर कामाला अवश्य हात लावा. मात्र आधी चष्मा लावा.