बरणीतलं विज्ञान

मैत्रिणींनो, आपल्याकडे 'प्रॅक्टिकल' म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती वहीतली सुबक आकृती आणि बाजूला पेन्सिलने लिहिलेली नावं. सूक्ष्मदर्शक कितीतरी शाळांत कपाटातच असतो, काढला तरी मुलींना लांबूनच दाखवायचा. आणि दहावी झाली की आपणच म्हणून मोकळ्या होतो, "सायन्स काही तिला झेपणार नाही." जे कधी हातात दिलंच नाही, ते झेपेल की नाही हे कोणी ठरवलं?

या सुट्टीत एक सोपा प्रयोग घरीच करून बघा. आर्टेमिया हा आपल्या झिंग्यांचा दूरचा नातलग. राजस्थानच्या सांभर सरोवरासारख्या खाऱ्या पाण्यात तो राहतो. त्याची अंडी वाळून वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात, पाणी मिळालं की जागी होतात! शोभेच्या माशांच्या पिल्लांना खाऊ म्हणून ती वापरतात, त्यामुळे माशांच्या मोठ्या दुकानांत मिळतात.

नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ विरघळवा. चिमूटभर अंडी टाका आणि बरणी उबदार, उजेडाच्या जागी ठेवा. साधारण २४ ते ३६ तासांत नारिंगी ठिपके पोहू लागतात. आकार जेमतेम अर्धा मिलिमीटर. बॅटरी लावली की सगळे उजेडाकडे धावतात. भिंगाखाली बघा, पिल्लाला एकच डोळा! मोठेपणी बाजूचे दोन येतात, पायांच्या ११ जोड्या होतात, आणि पोहणं मात्र पाठ खाली करून. यासाठी महागडं यंत्रही लागत नाही. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'फोल्डस्कोप' हा कागदी सूक्ष्मदर्शक जगापुढे आणला. त्याच्या सुट्या भागांचा खर्च एका डॉलरहूनही कमी होता.

नंतर मुलींना आपल्या पाण्याकडे वळवा. गोंदिया हा तर तलावांचा जिल्हा. मामा तलाव, बोड्या, नवेगावबांध. तिथल्या थेंबातही असे चिमुकले जीव सापडतात. दारामागच्या सांडपाण्यात डोकं खाली करून लटकणारी क्युलेक्स डासाची अळी एकदा का पोरीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, की हत्तीरोग कसा पसरतो हे तिला वेगळं शिकवावं लागत नाही. ते पाणी वाहतं करायला तीच आपल्या मागे लागेल. फक्त प्रयोगाचं उरलेलं खारं पाणी बोडीत किंवा धानाच्या बांधीत ओतू नका.

सतराव्या शतकात तलावाच्या पाण्यातले सूक्ष्म जीव पहिल्यांदा पाहणारा लेव्हेनहूक हा हॉलंडमधला कापडाचा व्यापारी होता. त्याच्याकडे पदवी नव्हती, भिंगं घरीच घासलेली होती. मग आपलं स्वयंपाकघर काय कमी आहे?

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. चार-पाच जणींनी मिळून एक भिंग घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर विचारा, आपला सूक्ष्मदर्शक शेवटचा कधी बाहेर काढला होता? आणि तो बाहेर आला, की आधी मुलींच्या हातात द्यायला सांगा.