काचेनंतर काय?

थळच्या किनाऱ्यावरचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. तिथून उत्तरेला, बंदराच्या पाण्यापलीकडे, तुर्भे आहे. तेथील अणुकेंद्रातला तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत मुरवून पोलादी डब्यांत बंद केला जातो. आजच्यापुरती ही सोय चांगली आहे.

काचेहून टिकाऊ म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष झिरकॉनकडे गेले. या खनिजाने युरेनियम अब्जावधी वर्षे पोटात सांभाळले आहे. पण अल्फा कण सुटला की उरलेला जड अणुगर्भ तोफेसारखा मागे हटतो आणि स्फटिकाची घडी विस्कटतो. केंब्रिजच्या इयान फार्नान यांच्या गटाने २००७ मध्ये मोजले, तेव्हा एका कणामागे सुमारे ५,००० अणू जागचे हललेले निघाले. आधीच्या अंदाजाच्या कितीतरी पट. प्लुटोनियम भरलेल्या झिरकॉनची घडी १,४०० वर्षांत मोडेल, असा त्यांचा हिशेब. प्लुटोनियमचे अर्धायुष्य २४,१०० वर्षे! घडी मोडली म्हणजे लगेच गळती नव्हे, पण असे खनिज पाण्यात लवकर झिजते.

भारतात खोल भूगर्भातले कायमचे साठवणघर अजून नाही. घाई नसेलही. मात्र कोणता खडक, कोणते खनिज आणि किती वर्षांची हमी, हे सरकारने किनाऱ्यावरच्या गावांना मराठीत, आकड्यांसह सांगावे.