चहात पाणी किती?

मंडळी, प्रश्न अगदी सोपा आहे. पातेल्यात दोन कप दूध आणि एक कप पाणी ओतलं. चहात पाणी किती?

सातवीच्या वर्गाला हा प्रश्न मी दरवर्षी घालत असे. निम्मा वर्ग ओरडायचा, "निम्मं!" मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, "तिसरा हिस्सा." दोन्ही उत्तरं बरोबर! दुधाच्या मानाने पाणी निम्मं, सगळ्या पातेल्याच्या मानाने एक तृतीयांश. (साखर आणि आटणं तूर्त बाजूला ठेवू.) "कशाच्या मानाने?" हे विचारायची सवय लागली की गुणोत्तराचं अर्धं काम झालं. पण 2:1 असं फळ्यावर लिहून आपण लगेच उदाहरणसंग्रहाकडे पळतो. माझं तर स्पष्ट मत आहे, की त्या दिवशी वर्गात स्टोव्ह न्यावा, निदान कप तरी.

आमच्या जुन्नर-आंबेगावात ही काही हौस नव्हे. डेअरीवर गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ धरून सांगतात. नऊ लिटर दुधात एक लिटर पाणी गेलं, तर फॅट नवव्या नव्हे, दहाव्या हिश्शाने उतरते, म्हणजे 3.5 ची साधारण 3.15 होते. घरी गोठा असलेल्या पोराला हे कळायलाच हवं.

त्याहून गंभीर गोष्ट फवारणीची. नारायणगावकडे टोमॅटो केवढा पिकतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. समजा औषधाच्या लेबलवर लिटरला 2 मिली लिहिलंय आणि पंप 15 लिटरचा आहे. मग औषध 30 मिली. कपाला चमचाभर साखर, तर पंधरा कपांना पंधरा चमचे, इतकाच हा हिशेब. पण मोजतात झाकणाने, आणि वर "असू दे जरा जास्त" म्हणून आणखी अर्धं झाकण! बाटली बदलली की झाकणही बदलतं, हे कोण बघतो? साखर जास्त झाली तर पाहुणा तोंड वाकडं करील. औषध जास्त झालं तर ते पिकावर, मातीत आणि फवारणाऱ्याच्या अंगावर जातं.

जुन्या मापांत एक सोय होती. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. सगळं दुपटीचं, त्यामुळे निम्मं-पाव डोळ्यांना दिसायचं. जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ. तरी मी त्या मापांचे गोडवे गाणार नाही. शेर गावोगावी वेगळा, आणि त्यात नागवला जायचा तो गरीबच. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं आणली हे फार चांगलं झालं. असो.

आता ते आटणं. दोन कपांचा चहा वीस कपांचा करायचा तर दूध, पाणी, साखर सगळं दहापट. पण आटण्यासाठी म्हणून घातलेलं वरचं पाणी दहापट लागत नाही. वाफ किती जाणार हे पातेल्याचं तोंड, जाळ आणि वेळ यांवर ठरतं, कपांच्या संख्येवर नाही. लग्नघरच्या आचाऱ्याला "कपाला पाणी किती हो?" असं विचारून बघा. तो आधी पातेलं बघायला मागेल.