पटले तेवढेच बोलेन : पंडिता रमाबाईंची १८८५ची पत्रे

या धाग्यात आतापर्यंत सनावळी आणि घटनांचा मागोवा घेतला. आज जरा थांबून एक मत मांडतो; ते सर्वांना पटेलच असे नाही.

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. कोणी म्हणते, बाईंनी स्वधर्म सोडला; कोणी म्हणते, त्यांना सत्य गवसले. परस्परविरोधी वाटणारी ही दोन्ही मते एकच गोष्ट गृहीत धरतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, त्या दिवशी त्यांच्या मनातले सारे प्रश्न मिटले, असे ते गृहीतक आहे. त्यांचा पत्रव्यवहार वाचला की ते टिकत नाही. ए. बी. शाह यांनी संपादित केलेली ही इंग्रजी पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केली आहेत.

यातील बरीच पत्रे सिस्टर जेराल्डाइन यांना लिहिलेली आहेत. त्या वाँटेजच्या मठातील जोगीण आणि रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. पत्राच्या मायन्यात आजीबाई आणि मजकुरात कडाक्याचा वाद, असा हा विलक्षण प्रकार आहे. १८८५ साली, चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत-शिकवत असताना, त्या स्पष्ट कळवितात की त्रैक्याचा सिद्धान्त आपल्याला पटलेला नाही. ख्रिस्ताचे ईश्वरत्व चर्च ज्या अर्थाने सांगते त्या अर्थाने आपण ते मान्य करू शकत नाही; कुमारीजन्माविषयीही शंका आहे. ज्या पंथात नुकताच प्रवेश केला, त्याच्या पायाभूत वचनांबद्दल हे लिहिलेले आहे, हे ध्यानात घ्यावे.

आजीबाईंना यात अहंकार दिसला. रमाबाईंचा शाकाहारही त्यांना जातीच्या अभिमानाचा अवशेष वाटत होता. क्रुसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे हवीत, या हट्टाचेही तेच. रमाबाईंचे म्हणणे मात्र सरळ होते. मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरविले आहे. आता दुसरे तसलेच जोखड घेण्याची इच्छा नाही. चर्चची सभासद आहे, पण म्हणून बिशपांच्या मुखातून निघणारा प्रत्येक शब्द मानण्यास बांधलेली नाही.

हे बोलणे किती महागात पडू शकले असते याचा विचार करा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली; भाऊ १८८० साली, पती १८८२ साली. इंग्लंडला सोबत आलेली मैत्रीण तेथेच मृत्यू पावली. पदरी लहान मुलगी. डोक्यावरचे छप्पर, शिक्षण, मुलीचा सांभाळ, सारे ज्यांच्या हाती, त्यांनाच ही बाई ‘हे मला पटले नाही’ असे लिहिते. होकारार्थी मान हलविणे किती सोपे होते! मायदेशी परतण्याची वाटही सरळ नव्हती. तेथे बाप्तिस्म्यावरून टीकेची झोड उठलेली होती. (जोतीराव फुल्यांनी १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, हे येथे नोंदविणे अगत्याचे आहे.)

आता माझे मत. या पत्रांना कोणी नास्तिकतेचा पुरावा म्हणून पुढे करील, तर तेही तितकेच चूक. रमाबाई देवावर आणि ख्रिस्तावर श्रद्धा ठेवून होत्या, प्रार्थना करीत होत्या. ‘मी विश्वास ठेवते’ आणि ‘मला ठाऊक आहे’ ही दोन वाक्ये त्यांनी एकमेकांत मिसळू दिली नाहीत, एवढेच. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना हे उमगले असावे. प्रश्न दडपण्याऐवजी त्यांनी त्यांवर धीराने पत्रे लिहिली. वाँटेजचा धाक रमाबाईंना वळवू शकला नाही. बील यांच्या पत्रांनी संवाद तरी चालू राहिला.

एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पुढे रमाबाईंची भाषा बदलली. १८९१च्या सुमारास त्यांना एक खोल आध्यात्मिक अनुभव आला. केडगावच्या मुक्ती मिशनमधील १९०५चे धर्मजागरण आणि १९०७ साली लिहिलेले आत्मनिवेदन यांत संशयाला फारसे स्थान उरलेले नाही. मागे वळून पाहताना त्यांना स्वतःचीच आधीची श्रद्धा अपुरी वाटली. तसे वाटण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. परंतु इतिहास वाचणाऱ्याने १९०७चा चष्मा लावून १८८५ची पत्रे वाचू नयेत. मला व्यक्तिशः १८८५च्या रमाबाई अधिक जवळच्या वाटतात; हा कदाचित माझ्याच स्वभावाचा दोष असेल.

आणखी एक प्रसंग. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यास आलेले शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे वचन होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या. बोभाटा झाला, आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. विधवा मुलींच्या असहायतेचा तो गैरफायदा होता काय? ही शंका मी हसण्यावारी नेणार नाही. पालकांची भीती खरी होती. पण दार लावून घेतले असते, तर आपली श्रद्धा लपवून ठेवल्यासारखे झाले असते, आणि ते रमाबाईंना जमण्यासारखे नव्हते. आजीबाईंपुढे त्यांनी शंका लपविली नव्हती; पुण्यात त्यांनी प्रार्थना लपविली नाही.