गुडघे सावरले, स्मृती निसटली



गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्वीसारखे चालता येईल का, असा प्रश्न आपल्यापैकी अनेक जण पत्रांतून विचारतात. आज उत्तरादाखल एका अमेरिकन खेळाडूची हकिगत सांगतो. ती गुडघ्यापासून सुरू होते, पण तेथे संपत नाही. आणि मला ती सांगावीशी वाटते ती तिच्या उत्तरार्धासाठीच.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण दूरदर्शनवर पाहतो तो पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात अंडाकृती चेंडू हाती घेऊन शंभर यार्डांच्या मैदानावर प्रतिपक्षाच्या हद्दीत मुसंडी मारायची असते आणि समोरचे अकरा जण धावणाऱ्याला अंगाने धडक देऊन भुईवर पाडतात. चेंडू काखेत धरून या गर्दीतून वाट काढणाऱ्याला ‘रनिंग बॅक’ म्हणतात. आपल्या कबड्डीतला चढाई करणारा गडी डोळ्यांसमोर आणा. मात्र येथे पकडणारे शंभर शंभर किलोंचे असतात आणि धावत येऊन आदळतात. या जागेवरच्या खेळाडूची कारकीर्द अल्पायुषी असते, यात नवल ते काय!

गेल सेयर्स हे अशा खेळाडूंमधले एक अद्भुत नाव. 1943 साली कॅन्ससमधील विचिटा येथे त्यांचा जन्म झाला, बालपण ओमाहात गेले आणि 1965 साली ते ‘शिकागो बेअर्स’ या संघात दाखल झाले. त्याच वर्षी 12 डिसेंबरला, पावसाने चिखल झालेल्या मैदानावर त्यांनी सान फ्रान्सिस्कोच्या संघाविरुद्ध एकाच सामन्यात सहा वेळा सीमारेषा ओलांडली. इतर खेळाडू त्या चिखलात घसरत होते. सेयर्स मात्र जणू कोरड्या जमिनीवर धावत होते.

10 नोव्हेंबर 1968 रोजी एका धडकेत त्यांच्या उजव्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. आजच्यासारखी दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया तेव्हा नव्हती. अशा दुखापतीनंतर धावण्याची कारकीर्द बहुधा संपतच असे. सेयर्स यांनी शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने व्यायाम केला. त्यांचा खोलीतला सोबती आणि त्याच जागेसाठीचा स्पर्धक ब्रायन पिकोलो त्यांना त्या काळात धीर देत राहिला. एक कृष्णवर्णीय, दुसरा गोरा. त्या काळच्या अमेरिकेत अशा दोघांनी एका खोलीत राहणे हीच नवलाई होती. पुढच्याच हंगामात, 1969 साली, सेयर्स 1,032 यार्ड धावून सर्व संघांतील धावपटूंत अव्वल ठरले. त्यांच्या जिद्दीबद्दल 1970 साली त्यांना पुरस्कार मिळाला, तेव्हा खरा मानकरी पिकोलो आहे असे त्यांनी भर सभेत सांगितले. पिकोलो तेव्हा कर्करोगाशी झुंजत होता. त्याच वर्षी 16 जूनला, अवघ्या सव्विसाव्या वर्षी तो गेला.

तेव्हा गुडघ्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : शस्त्रक्रिया अर्धे काम करते, उरलेले अर्धे काम रोजच्या कंटाळवाण्या व्यायामाने होते, आणि तो करवून घेणारा सोबती घरात असेल तर बरेच सोपे होते. पुढे सेयर्स यांचा डावा गुडघाही दुखावला आणि 1972 साली, केवळ 68 सामन्यांनंतर, त्यांनी मैदान सोडले. 1977 साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांना खेळाच्या सन्मानदालनात स्थान मिळाले. इतक्या लहान वयात तो मान दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. विद्यापीठात क्रीडासंचालकाचे पद, नंतर संगणकसामग्रीचा स्वतःचा व्यवसाय, असे पुढचे आयुष्य भरगच्च होते.

मार्च 2017 मध्ये त्यांच्या कुटुंबीयांनी जाहीर केले की सेयर्स यांना स्मृतिभ्रंश झाला आहे आणि त्याचे निदान चार वर्षांपूर्वीच झाले आहे. शरीर धडधाकट होते. हरपत होती ती स्मृती. या आजारात खेळाचा वाटा आहे, असे पत्नी आर्डी यांचे मत होते. 23 सप्टेंबर 2020 रोजी, सत्त्याहत्तराव्या वर्षी सेयर्स यांचे निधन झाले.

एका व्यक्तीच्या बाबतीत अमुकच कारण असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण वारंवारच्या आघातांनी मेंदूचा ऱ्हास होतो, हे आता मान्य झालेले आहे. 2016 साली त्या लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानेही अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे हा संबंध कबूल केला. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, परंतु आत मेंदू हिंदकळायचा तो हिंदकळतोच. सुजलेला गुडघा सर्वांना दिसतो. मेंदूला सूज दाखवता येत नाही, म्हणून त्याची दखल उशिरा घेतली जाते.

आपण कोणी मैदानात धडका घेत नाही, हे खरे. पण न्हाणीघरात पाय घसरतो आणि डोके भिंतीवर आपटते. उतारवयात मेंदू किंचित आक्रसतो, त्यामुळे त्याच्या आवरणालगतच्या शिरा ताणलेल्या असतात. बेताच्या आघातानेही त्यांतून रक्त झिरपून हळूहळू साचू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका अधिक. पडल्यावर लगेच काहीच जाणवत नाही. दोन-तीन आठवड्यांनी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा एक पाय ओढणे सुरू होते, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं आता, विसरायचंच!’ वेळीच स्कॅन झाले तर हे रक्त काढता येते आणि पुष्कळ रुग्ण पूर्ववत होतात. थायरॉईडचा विकार, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही विसराळूपणा येतो, आणि त्यांवर उपाय आहेत. तपासणीआधीच माणसाला ‘भ्रमिष्ट’ ठरवून मोकळे होऊ नये.

निदान स्मृतिभ्रंशाचेच झाले, तर शुश्रूषा करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ‘मला ओळखलंत का?’ अशी परीक्षा घेऊ नका; आपले नाव सांगूनच बोलायला बसा. नाव विसरलेले हात कित्येकदा घडी घालणे, शेंगा सोलणे, टाळ वाजवणे विसरलेले नसतात. ती कामे त्यांना करू द्या. आणि आठवड्यातले काही तास तरी ही जबाबदारी दुसऱ्या कोणावर सोपवून बाहेर पडा. त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

काही वर्षांपूर्वी एक आजी आपल्या यजमानांना घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. आजोबा आठवडाभरापासून असंबद्ध बोलत होते. ‘मध्यंतरी पडले होते का?’ असे मी विचारताच आजींनी पिशवीतून घरचे कॅलेंडर काढले. सव्वीस दिवसांपूर्वीच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिले होते : ‘हे मोरीत पडले. डोक्याला टेंगूळ.’ स्कॅन त्याच संध्याकाळी झाला.