ट्रेलरचे ब्रेक कोणी निकामी केले?

उतारावर अवजड गाडी सुटते, पुढच्या मोटारी चिरडल्या जातात, चालक फरारी होतो. दुसऱ्या दिवशी 'ब्रेक निकामी झाल्याने भीषण अपघात' असा मथळा छापून आला की समाजाचे समाधान होते. ब्रेक हे जणू एखादे कोपिष्ट दैवत असावे, अशी ही भाषा आहे. वस्तुतः ट्रेलरचा ब्रेक एका क्षणात क्वचितच निकामी होतो. तो महिनोन् महिने निकामी होत असतो, आणि तिकडे न पाहण्यात कोणाचा तरी पैसा वाचत असतो.

न्हावाशेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. २०२४-२५ या वर्षात २० फुटी मापाने मोजलेले ७० लाखांहून अधिक कंटेनर त्याने हाताळले. त्यांतले बहुसंख्य उरण, द्रोणागिरी, कळंबोली, पनवेल या पट्ट्यातून ट्रेलरवरूनच जातात. ज्याला चालक 'घोडा' म्हणतात त्या इंजिनाच्या गाडीची थोडीफार निगा राखली जाते, कारण ती बंद पडली तर धंदाच बंद पडतो. मागचा ट्रेलर मात्र अनाथ असतो. त्याची नोंदणी वेगळी, क्रमांक वेगळा. आज तो या घोड्यामागे, उद्या त्या. आपण ओढतो आहोत त्या एक्सलांना शेवटचा हात कधी लागला, हे बहुतेकदा चालकाला कोणी सांगतही नाही.

आणि त्या एक्सलांना काय हवे असते? चाकाचे बेअरिंग ठराविक काळाने उघडून धुवावे, नवे ग्रीस भरावे, ऑइल सील बदलावे, चाक फिरवत फिरवत नट आवळून मग तो बेताने सैल करावा. फार आवळला तर बेअरिंग जळते, फार सैल राहिला तर चाक डुगडुगते. पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या रस्त्यावरून गाडी गेली की फाटक्या सीलमधून पाणी हबमध्ये शिरते आणि ग्रीस दुधाळ होऊन निरुपयोगी ठरते. ब्रेकचे लायनर झिजत जाते तसा स्लॅक अॅडजस्टर जुळवावा लागतो. एका एक्सलवर तो जुळवलेला नसेल तर त्या एक्सलचा भार बाकीच्यांवर पडतो. बोरघाट उतरताना त्यांचे ड्रम तापून फुगतात, आणि लायनर ड्रमला पुरेसे टेकेनासे होते. जाणता चालक गाडी थांबवली की हबजवळ हात नेऊन पाहतो. एकच हब इतरांहून फार तापला असेल तर बेअरिंग कोरडे आहे किंवा ब्रेक चिकटला आहे. एकच थंड असेल तर तिथला ब्रेक काम करीत नाही. एवढे ज्ञान त्याला असते. नसतो तो वेळ, कारण त्याची कमाई खेपेवर असते आणि गॅरेजमध्ये गेलेला दिवस बिनपगारी असतो.

शासनाने या बाबतीत काय केले? २०१८ च्या जुलैमध्ये चार टायरच्या एका एक्सलवरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नव्या गाड्यांच्या पासिंगचे नियम शिथिल केले: पहिल्या दोन वर्षांनंतर दरवर्षी होणारी तपासणी आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा पुरेशी ठरली. ओझे वाढवले आणि तपासणीचे अंतरही वाढवले! वाहतूकदारांची सोय आणि खर्चाची बचत म्हणून याचे कौतुक झाले. ज्यांच्या पायाखाली तो ब्रेक होता त्यांना कोणी विचारले नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १९० मात्र वाचण्यासारखे आहे. दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता अशा स्थितीत, धोकादायक वाहन वा ट्रेलर चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा असे तिघेही त्यात दोषी धरले आहेत. म्हणजे मालक सुटत नाही. पण दंड किती? २०१९ च्या दुरुस्तीनंतर १,५०० रुपये. अपघात होऊन कोणी जखमी झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये. उलट, अपघातानंतर खबर न देता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद न्याय संहितेत केली गेली. जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे चालक रस्त्यावर उतरले, नवी मुंबईतही संघर्ष झाला, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवावे लागले. पळून जाणे समर्थनीय नाहीच. पण ब्रेक न तपासता गाडी घाटात धाडणाऱ्याच्या अपराधाला दीड हजारांची किंमत लावायची, हा कुठला न्याय?

चालकाचाही दोष असतो, असे म्हटले जाईल. असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्या चिरडल्या. प्रथम ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. तपासात चालकाने उतारावर इंजिनच बंद केल्याचे पुढे आले. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा पुरवणारा कंप्रेसर बंद. हे त्याने डिझेल वाचवण्यासाठी केले. पण डिझेलचा हिशेब चालकाच्या डोक्यावर बसवला कोणी, हा प्रश्न तपासाच्या कागदात मावत नाही.

आणखी एक अवघड सत्य आहे. या पट्ट्यातला ट्रेलरमालक नेहमीच धनदांडगा नसतो. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्यावर जमिनीच्या मोबदल्यासाठी गोळ्या झेलणाऱ्या भूमिपुत्रांच्या घरांतूनही कोणी हप्त्यावर एखादी गाडी घेतली आहे. भाड्याचा दर तो ठरवीत नाही. तो ठरवतात माल पाठवणाऱ्या कंपन्या आणि मधले दलाल, आणि दर पडला की सर्वांत आधी कपात होते ती ग्रीस आणि लायनर यांवर. म्हणून एकट्या मालकाला फाशी देऊनही भागणार नाही.

ज्याचा माल, त्याच्यावर देखभालीचा खर्च भाड्यात वेगळा दाखवून देण्याचे बंधन हवे. बंदराच्या फाटकावर कंटेनरचे कागद जितक्या कसोशीने पाहिले जातात, तितक्याच कसोशीने ट्रेलरच्या ब्रेकची मासिक नोंद पाहिली जावी, आणि नोंद नसेल तर कंटेनर चढवला जाऊ नये. बंदराच्या आवारात लायनर, सील, बेअरिंग रास्त दरात बदलून देणारी सार्वजनिक कार्यशाळा असावी. आणि गाडी तिथे उभी असेल त्या दिवसाची मजुरी चालकाला मिळावी.